करवलीचे दात : १५ वर्षांच्या मुलीच्या व्हाइटनिंगचे एक प्रकरण

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या माझ्या दातांच्या दवाखान्यात एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी १५ वर्षे ८ महिन्यांची होती आणि नुकतीच दहावीच्या परीक्षेतून मोकळी झाली होती. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मामाच्या मुलीचे लग्न होते आणि ही मुलगी करवली म्हणून नवरीच्या मागे उभी राहणार होती. म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत ती असणार होती. नवरीने ज्या पार्लरमध्ये लग्नाचे पॅकेज घेतले होते, तिथे करवलीचेही दात एका बैठकीत पांढरेशुभ्र करून देऊ, असे सांगण्यात आले होते. आईला त्यात काहीतरी खटकले, म्हणून ती आधी माझ्याकडे आली. "मॅडम, पार्लरपेक्षा तुमच्याकडे केलेलं बरं, पण लग्नाच्या आत झालं पाहिजे," हे तिचे पहिले वाक्य होते.

अल्पवयीन मुलांच्या व्हाइटनिंगची विचारणा पुण्यात आता नवी राहिलेली नाही. दहावी-बारावीच्या सुट्टीत आणि लग्नसराईत ती हमखास होते, आणि बहुतेक वेळा दात स्वच्छ करून, चार गोष्टी समजावून सांगून मुलाला घरी पाठवता येते. या मुलीला तसे पाठवता येत नव्हते आणि आई जे मागत होती तेही करून देता येत नव्हते. उपचारांचा क्रम लावताना माझी एक चूकही झाली. ती पुढे त्या त्या ठिकाणी नोंदवली आहे. कुटुंबाच्या संमतीने हे लिहिताना ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

तपासणी आणि पूर्वेतिहास

मुलगी बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरत होती आणि हसू आले की तिचा हात तोंडावर जात होता. वरच्या चारही पटाशीच्या दातांवर खडूने ओढल्यासारख्या आडव्या पांढऱ्या रेघा आणि ठिपके होते. मधल्या दोन दातांच्या साधारण मध्यावर एकेक तपकिरी डाग होता, चहाचा कप न विसळता ठेवला की तळाशी जसा रंग धरतो तसा. उजव्या दातावरचा डाग थोडा मोठा आणि गडद होता. दाढांवरही अंधूक पांढरे ढग दिसत होते. शेड गाइड, म्हणजे दातांच्या छटांची पट्टी, लावून पाहिले तेव्हा पटाशीचे दात ए-२ आणि सुळे त्याहून गडद ए-३.५ या छटेशी जुळले. डागांची मांडणी डाव्या-उजव्या बाजूला आरशात पाहावी इतकी सारखी होती.

निदानात या सारखेपणाला फार महत्त्व आहे. धडपडून मार लागलेला दात एकटाच काळवंडतो. तारा काढल्यावर राहणारे पांढरे डाग ब्रॅकेटच्या कडेने आणि हिरडीलगत असतात. लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिले गेले असेल तर दातांवर पिवळट किंवा करडे पट्टे दिसतात. इनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, ठिकठिकाणी कच्चे राहण्याचा जो विकार पहिल्या दाढांत आणि पटाशीच्या दातांत आढळतो, त्यात डागांच्या कडा ठळक असतात आणि दोन बाजूंत फरक असतो. एकाच काळात घडणाऱ्या जोडीच्या दातांवर एकाच उंचीवर खुणा उमटलेल्या असतील, तर त्या काळात शरीरात सतत काय जात होते, हा प्रश्न विचारावा लागतो.

तो विचारण्यापूर्वीच आईने मोबाइल उघडून पाच वर्षांच्या मुलीचा फोटो दाखवला. त्यात मुलगी तोंडभर हसत होती आणि दात मोत्यासारखे पांढरे होते. "गावी होतो तेव्हा दात असे होते. पुण्यात आलो आणि इथल्या पाण्यानं बिघडले," असा तिचा ठाम समज होता. फोटोतले दात दुधाचे होते. दुधाच्या दातांचे इनॅमल बाळ पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात घडते, तर पुढच्या कायमच्या दातांचे इनॅमल जन्मानंतर काही महिन्यांतच घडू लागते आणि पुढची काही वर्षे हिरडीखाली घडत राहते. ते दात मात्र सहा ते आठ वर्षांच्या वयात तोंडात येतात. त्यामुळे जो डाग पुण्यात दिसू लागला, तो पुण्यात येण्यापूर्वीच दातात बसलेला होता. शिवाय दुधाच्या दातांचा रंग मुळातच निळसर पांढरा असल्यामुळे त्यांच्या शेजारी उगवलेला निरोगी कायमचा दातही पिवळा भासतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांपैकी कितीतरी जणांची तक्रार एवढीच असते, आणि तिला उपचार लागत नाही.

हे कुटुंब मूळचे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यातले. मुलगी सहाव्या वर्षात असताना वडिलांना पुण्यात नोकरी मिळाली आणि ते धायरीला राहायला आले. गावी पिण्याचे पाणी हातपंपाचे होते. "आमच्या गावात सगळ्यांचेच दात असे आहेत," हे आई सहज, तक्रारीचा सूर न लावता म्हणाली. तिचे स्वतःचे माहेर दुसऱ्या जिल्ह्यातले असून तिच्या दातांवर डाग नाहीत. पुण्यात जन्मलेला, आता नऊ वर्षांचा असलेला धाकटा मुलगा बरोबर आला होता. त्याचेही दात पाहिले. नुकत्याच आलेल्या कायमच्या पटाशीच्या दातांवर एकही रेघ नव्हती. आईबाप तेच, स्वयंपाकघर तेच, दात घासायची पेस्टही तीच. बदलले होते ते पाणी.

निदान सौम्य ते मध्यम दंत-फ्लोरोसिस असे नोंदवले. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त असल्याचे जुने, सर्वज्ञात वास्तव आहे. खडकातील फ्लोराइडयुक्त खनिजांतून ते खोलवरच्या पाण्यात उतरते, म्हणून उघड्या नदी-तलावाच्या पाण्यापेक्षा बोअरच्या पाण्यात ते अधिक सापडते. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ सालच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादाही १.५ मिलिग्रॅम आहे. दात घडत असताना त्याहून जास्त फ्लोराइड सतत पोटात गेले तर इनॅमलची पक्वता अपुरी राहते आणि त्याच्या पृष्ठभागाखाली सूक्ष्म छिद्रे उरतात. पांढरा डाग म्हणजे ही छिद्रे. तपकिरी रंग फ्लोराइडचा नसतो. दात तोंडात आल्यानंतर त्या छिद्रांत बाहेरून रंगद्रव्ये मुरत जातात आणि डाग वर्षागणिक गडद होतो. म्हणूनच मुलगी आठ वर्षांची असताना जे फक्त पांढरे होते, ते पंधराव्या वर्षी तपकिरी झाले आणि पुण्याचे पाणी विनाकारण बदनाम झाले. महापालिकेचे नळाचे पाणी खडकवासला साखळीतील धरणांचे, म्हणजे पावसाचे साठवलेले पाणी आहे, हे आईला सांगितल्यावर ती काही वेळ गप्प बसली.

आणखी दोन गोष्टी तपासणीत आढळल्या. खालच्या डाव्या पहिल्या दाढेला दोन दातांमधल्या फटीत कीड लागली होती. दुसरे म्हणजे पुढच्या दातांची चमक गेली होती आणि हवेचा झोत लागताच मुलगी दचकली. खोदून विचारल्यावर तिने कबूल केले की मोबाइलवर एक रील पाहून ती तीन महिने लिंबाचा रस आणि खायचा सोडा दातांवर चोळत होती. तोंडातील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, म्हणजे आम्लता वाढली, की इनॅमल विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३ च्या दरम्यान असतो. आम्लाने मऊ पडलेला पृष्ठभाग लगेच बोटाने घासणे म्हणजे ओली भिंत खरवडण्यासारखेच आहे. डाग तसाच राहतो आणि त्याच्या भोवतीचे निरोगी इनॅमल मात्र झिजते.

मागणी नेमकी कोणाची

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत मी एक पद्धत ठेवली आहे : पालकांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर मुलाशी किंवा मुलीशी पाच मिनिटे एकटीने बोलायचे. दार उघडे असते, माझी सहायक आत असते, पालक बाहेरच्या बाकावर बसतात. १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती अज्ञान ठरत असल्यामुळे संमतीपत्रावर सही पालकांचीच घेते, पण जबडा उघडा ठेवून तासभर खुर्चीत पडून राहायचे असते ते मुलाला, आणि रात्री औषधाचे जेल भरलेला ट्रे दातांवर घालायचा असतो तोही त्यालाच.

आई बाहेर गेल्यावर मुलगी म्हणाली, "पिवळे आहेत त्याचं मला काही नाही. हे दोन डाग गेले पाहिजेत. शाळेत मुलं विचारतात, तू गुटखा खातेस का." गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी त्याचा डाग कसा दिसतो हे वर्गातल्या मुलांना चांगले ठाऊक असते. लग्नाविषयी तिने एक शब्दही काढला नाही. अकरावीला नवे कॉलेज मिळेल, तिथे कोणी ओळखणार नाही, तेव्हा डाग नसावेत, एवढेच तिला हवे होते.

आईची मागणी दात पांढरे करण्याची होती आणि मुलीची मागणी डाग काढण्याची. बोलण्यात या दोन्हींना एकच शब्द वापरला जातो, व्हाइटनिंग, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. गावात ज्या डागाची कोणी दखलही घेतली नसती, तो शहरातल्या वर्गात व्यसनाचा पुरावा ठरला होता. त्यामुळे ही हौस आहे असे म्हणून प्रकरण मिटवणे मला योग्य वाटले नाही.

एका बैठकीतले व्हाइटनिंग का नाकारले

ब्लीचिंगचे औषध कुठल्याही नावाने आले तरी आत हायड्रोजन पेरॉक्साइडच असते, किंवा त्याला जन्म देणारे कार्बामाइड पेरॉक्साइड. दहा टक्क्यांच्या कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. दवाखान्यात एका बैठकीत वापरायच्या जेलमध्ये ते २५ ते ४० टक्के असते. त्याचे रेणू इतके लहान असतात की इनॅमल आणि त्याखालचा डेंटिनचा थर ओलांडून ते काही मिनिटांत दाताच्या नसेपर्यंत पोहोचतात. वाटेत जी रंगीत सेंद्रिय द्रव्ये भेटतात, त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन रंग फिका पडतो. किशोरवयात नसेची पोकळी मोठी आणि डेंटिनमधल्या नलिका रुंद असतात. वय वाढते तशी आतून डेंटिनची भर पडून ती पोकळी आक्रसत जाते. याच कारणाने तीव्र जेलनंतर दात शिवशिवणे, रात्री सणक मारणे हे त्रास कोवळ्या दातांत होण्याची शक्यता अधिक. या मुलीच्या एक्स-रेमध्ये पुढच्या दातांची मुळे पूर्ण झालेली होती, पण पोकळी रुंद होती, दाढेला कीड होती आणि लिंबाने इनॅमल आधीच दुखावलेले होते. अशा तोंडात ३५ टक्क्यांचे जेल लावणे मला मान्य नव्हते.

पार्लरमधल्या निळ्या दिव्याबद्दल आईने विचारले. दिव्याने दीर्घकाळ टिकणारा फारसा फरक पडत नाही. तासभर तोंड उघडे राहून दात कोरडे पडतात आणि कोरडा दात पांढरा दिसतो. दुसऱ्या दिवशी लाळेने ओल परत आली की त्यातला बराच पांढरेपणा ओसरतो. नेमका तेवढाच वेळ फोटोला पुरतो, हे खरे. परंतु हिरडीला संरक्षक थर न लावता तीव्र पेरॉक्साइड वापरले तर हिरडी भाजते, आणि कीड असलेल्या दातात ते शिरले तर काय होते ते पार्लरमध्ये कोणी पाहत नाही.

परदेशातील नियमही आईला सांगितले. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार ०.१ टक्क्याहून अधिक आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली व्हाइटनिंगची उत्पादने फक्त दंतवैद्यांनाच विकता येतात आणि १८ वर्षांखालील व्यक्तींसाठी ती वापरायची नाहीत. अमेरिकेतील बाल-दंतवैद्यांच्या अकादमीची भूमिका थोडी वेगळी आहे : दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असतात त्या वयात निव्वळ सौंदर्यासाठी संपूर्ण जबड्याचे ब्लीचिंग करू नये, पण डागांमुळे मुलाच्या मनावर परिणाम होत असेल तर दंतवैद्याच्या देखरेखीखाली, नेमके निदान करून, जपून उपचार करावेत. मला दुसरी भूमिका या मुलीच्या जवळची वाटते, कारण हा मुळात रंगाच्या आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता, तर इनॅमलच्या घडणीतल्या दोषाचा होता.

व्हिनियरचा पर्यायही आईच्या कानावर आलेला होता. पंधराव्या वर्षी निरोगी दाताचे इनॅमल तासून त्यावर पातळ कवच बसवायचे, आणि वयानुसार हिरडी थोडी वर सरकली की कवचाची कडा उघडी पडायची; मग ते बदलायचे, आणि पुढे आयुष्यभर बदलत राहायचे. ही चर्चा मी दोन मिनिटांत संपवली.

प्रत्यक्ष उपचार

पहिला आठवडा गाजावाजा न होणाऱ्या कामांत गेला. दात साफ केले, दाढेतली कीड काढून सिमेंट भरले, लिंबू आणि सोडा बंद केला, फ्लोराइडच्या साध्या पेस्टने मऊ ब्रश वापरायला सांगितले. फ्लोराइडमुळे दात बिघडले म्हणता आणि वर फ्लोराइडची पेस्ट देता, हा आईचा प्रश्न रास्त होता. दात घडण्याच्या वयात फ्लोराइड पोटात जाणे आणि घडून झालेल्या दाताला ते बाहेरून लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने डाग पडतात, दुसरीने इनॅमल कणखर होते.

प्रत्येक टप्प्यावर एकाच खुर्चीत, एकाच दिव्याखाली, दात ओले ठेवून आणि शेजारी शेडची पट्टी धरून फोटो घेतले. मुलीने आधी आपल्या मोबाइलमधल्या सेल्फी दाखवल्या होत्या. त्यातल्या निम्म्या फिल्टर लावलेल्या आणि उरलेल्या पिवळ्या बल्बखालच्या होत्या. अशा फोटोंवरून कोणाच्याही दातांचा रंग ठरवू नये, स्वतःच्या तर नाहीच.

तिसऱ्या आठवड्यात मायक्रोअ‍ॅब्रेजन केले. या पद्धतीत ६.६ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण असलेली पेस्ट रबराच्या छोट्या कपाने, अगदी मंद गतीने, डागावर मिनिटभर फिरवायची, धुवायची, पाहायची आणि गरज असेल तर पुन्हा फिरवायची. इनॅमलचा वरचा अत्यंत पातळ थर, मिलिमीटरच्या फार तर एक-दोन दशांशांइतका, निघून जातो. पटाशीच्या दाताच्या पुढच्या बाजूचे इनॅमल साधारण एक मिलिमीटर जाड असते, हे लक्षात घेऊनच हात थांबवावा लागतो. हिरडी आणि ओठ वाचवण्यासाठी रबर डॅम, म्हणजे दातांभोवती ताणून बसवायचा रबराचा पडदा, आणि मुलीच्या डोळ्यांवर चष्मा अनिवार्य. आम्लाचे नाव ऐकून आई घाबरली होती, म्हणून तिला आत बसवून सगळे दाखवले.

दोन बैठका लागल्या. डाव्या दातावरचा तपकिरी डाग पहिल्याच बैठकीत गेला. उजव्यावरचा खोल होता. दुसऱ्या बैठकीनंतर त्याची फिकट सावली उरली आणि दाताचा उंचवटा सपाट होऊ लागल्याचे बाजूने पाहिल्यावर जाणवले, तेव्हा मी थांबले. शेवटी दोन टक्क्यांचे सोडियम फ्लोराइडचे जेल चार मिनिटे लावले. मुलीने आरसा हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

येथेच थांबायला हवे होते. लग्नाला तीन आठवडे होते, मुलीची मूळ तक्रार जवळजवळ दूर झाली होती. पण उजव्या दातावरची सावली मला दिसत होती, आईलाही दिसत होती, आणि सौम्य ब्लीचिंगने ती जाईल अशी माझी अपेक्षा होती. म्हणून माप घेऊन वरच्या दातांसाठी पातळ, मऊ ट्रे तयार केला आणि १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची एक सिरिंज दिली : एक दिवसाआड, संध्याकाळी दोन तास, फक्त पुढच्या चार दातांच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढे जेल. रात्रभर ट्रे घालण्याची प्रौढांसाठीची पद्धत मुद्दाम टाळली.

तिसऱ्या वेळेनंतर उसाचा रस पिताना दात शिवशिवल्याची तक्रार आली. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिली, चार दिवस खंड घेतला, त्रास थांबला. खरा पेच त्यानंतर आला. लग्नाला आठ दिवस उरले असताना रात्री दहाच्या सुमारास आईचा फोन आला. "मॅडम, तपकिरी गेलं, पण पांढरे ठिपके आता लांबून दिसायला लागलेत. खडू लावल्यासारखे." मागून मुलीच्या रडण्याचा आवाज येत होता.

हे अनपेक्षित मुळीच नव्हते. फ्लोरोसिसच्या दातांत ब्लीचिंगच्या काळात सच्छिद्र भाग बाकीच्या दातापेक्षा वेगळ्या वेगाने उजळतो, दातातील ओल तात्पुरती कमी होते आणि पांढरे ठिपके आधीपेक्षा ठळक दिसतात. संमतीपत्रात ते लिहिलेले होते आणि मी तोंडीही सांगितले होते. परंतु सांगणे आणि दाखवणे यात फरक आहे. अशा टप्प्यावरचा एक फोटो आधी समोर ठेवायला हवा होता. त्याहून मोठी चूक क्रमाची. ज्या उपचाराच्या मध्यावर दात आधीपेक्षा वाईट दिसू शकतात, तो लग्नाच्या तोंडावर सुरूच करायला नको होता. फिकट सावली लग्नानंतर काढता आली असती. आईला मी दुसऱ्या दिवशी बोलावून हेच शब्द सांगितले, ट्रे बंद केला आणि दातांवर कॅल्शियम-फॉस्फेटयुक्त क्रीम लावायला दिले. पाच-सहा दिवसांत ठिपके बरेचसे मंदावले. लग्नातले फोटो नंतर पाहायला मिळाले : बहुतेक ठिकाणी मुलगी ओठ मिटून हसते आहे, मात्र कानपिळीच्या वेळच्या एका फोटोत तिला तोंड मिटायचे भान राहिलेले नाही आणि त्यात दात छान दिसतात.

लग्नानंतर

पांढऱ्या ठिपक्यांसाठी जूनच्या मध्यावर रेझिन इन्फिल्ट्रेशन केले. ब्लीचिंगनंतर दातात काही काळ ऑक्सिजन अडकून राहतो आणि त्यामुळे रेझिन नीट घट्ट होत नाही, म्हणून किमान दोन आठवड्यांचे अंतर लागते; येथे महिन्याहून जास्त गेला होता.

ही पद्धत समजायला पांढरा डाग पांढरा का दिसतो हे समजावे लागते. इनॅमलचा अपवर्तनांक, म्हणजे त्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, साधारण १.६२ आहे, पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. छिद्रांत पाणी असले की प्रकाश थोडा विखुरतो. दात कोरडा झाला की छिद्रांत हवा भरते, प्रकाश फार विखुरतो आणि डाग भगभगीत होतो. छिद्रांत १.५२ अपवर्तनांकाचे पातळ रेझिन मुरवले, की इनॅमल आणि छिद्र यांतला फरक प्रकाशाला जवळजवळ जाणवत नाही आणि डाग आजूबाजूच्या रंगात मिसळतो. दात तासावा लागत नाही, भूलही लागत नाही. पंधरा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचे जेल दोन मिनिटे लावून वरचा बंद थर उघडायचा, इथेनॉलने छिद्रांतले पाणी काढायचे, रेझिन तीन मिनिटे मुरू द्यायचे आणि निळ्या प्रकाशाने घट्ट करायचे. इथेनॉल लावताच डाग क्षणभर फिका पडतो. तो जितका फिका पडेल, तितका शेवटचा परिणाम चांगला मिळण्याची शक्यता. मुलीला आरशात तो क्षण दाखवला. या वेळी आधी दाखवले, मग केले.

मधल्या दोन आणि उजव्या बाजूच्या एका दातावरचे ठिपके जवळपास नाहीसे झाले. डाव्या बाजूच्या दातावरचा एक ठिपका आम्लाची क्रिया तीनदा करूनही पुरता बधला नाही. दोष इनॅमलमध्ये खोलवर होता. तिथे थोडे इनॅमल काढून दाताच्या रंगाचे सिमेंट भरता आले असते. मुलीला विचारले, तेव्हा तिने राहू द्या म्हणून सांगितले. आईने काही म्हणायला तोंड उघडले आणि मिटले.

सुळ्यांच्या पिवळेपणाला हात लावला नाही. सुळ्यांत डेंटिनचा जाड थर असल्याने ते शेजारच्या दातांपेक्षा गडदच असतात, आणि ते पटाशीच्या दातांइतके पांढरे झाले तर चेहरा अनैसर्गिक वाटतो. हा मुद्दा आईला शेवटपर्यंत मनापासून पटला असे मला वाटत नाही.

जूनच्या त्या बैठकीला वडील पहिल्यांदा आले होते. ते त्याच गावात लहानाचे मोठे झालेले. दात मुलीपेक्षा कितीतरी गडद, काही ठिकाणी इनॅमल टवके उडाल्यासारखे. मुलीचे काम पूर्ण होईपर्यंत ते कोपऱ्यात उभे होते. निघताना म्हणाले, "मॅडम, मी खर्रा कधी नाही खाल्ला. पण कोणाला पटत नाही." खर्रा म्हणजे विदर्भात खाल्ले जाणारे सुपारी-तंबाखूचे मिश्रण. कंपनीत, बसमध्ये, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत सगळ्यांनी त्यांच्याविषयी तेच गृहीत धरलेले होते, आणि त्यांनी खुलासा करणे केव्हाच सोडून दिले होते.

सप्टेंबरमध्ये आणि पुढच्या एप्रिलमध्ये मुलीची पुन्हा तपासणी केली. पटाशीच्या दातांची छटा ए-१, म्हणजे आधीपेक्षा उजळ, आहे, उजव्या दातावर सावली परतलेली नाही, थंड लागत नाही, भरलेली दाढ ठीक आहे, हिरड्यांतून रक्त येत नाही. रेझिन मुरवलेल्या जागी रंग किंचित बदलला आहे का हे फोटो शेजारी ठेवून पाहिले. डोळ्यांना फरक जाणवला नाही, तरी वर्षातून एकदा पाहत राहणार आहे. डाव्या दातावरचा ठिपका आहे तसा आहे. तो आता करायचा का, असे एप्रिलमध्ये विचारले, तेव्हा तो नेमका कुठे आहे हे सांगण्यासाठी तिला आरसा लागला. वडिलांची वेगळी रुग्णपत्रिका त्याच दिवशी उघडली. त्यांच्या टवके उडालेल्या दातांना केवळ मायक्रोअ‍ॅब्रेजन पुरणार नाही, हे त्यांना सांगितले आहे, आणि त्यांनी विचार करून कळवतो म्हटले आहे.